कूलर बसवला, फ्लॅट रद्द केला

हनुमान नगर, नागपूर
6 एप्रिल

ती. आई-बाबांना,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळे बरे आहोत. फोनवर हा विषय मी तीनदा काढला. तिन्ही वेळा बाबा "बघू" म्हणाले आणि फोन आईकडे दिला, आणि आईने लगेच दादाच्या गॅलरीतल्या कढीपत्त्याचं सुरू केलं. पत्राला "बघू" म्हणता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी बातमी. वर्धा रोडवरचा फ्लॅट आम्ही रद्द केला. चौदाव्या दिवशी. वाटपपत्रात कलमच होतं, पंधरा दिवसांच्या आत रद्द केलं तर काही कापत नाहीत, पुढे जसा उशीर तसा टक्का वाढत जातो. तिथल्या पोराने दोन दिवस माझा फोन उचलला नाही. मग मी स्वतः गेले आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. बाबांचीच मुलगी आहे, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही. पैसे अजून यायचे आहेत, येतील.

आणि बाबा, उमरेड रोडचा प्लॉट विकायचा नाही. दलालाला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

तुम्ही पुण्याला गेलात तेव्हा आम्हीही त्या फ्लॅटच्या प्रेमात होतो, हे कबूल करते. नमुन्याचा फ्लॅट फिरताना मला वाटत होतं की इथे राहायला आलो की आपोआप माझ्या हातून पसारा होणार नाही. खोल्यांना आतली दारंच बसवली नव्हती, त्यामुळे सगळं ऐसपैस दिसत होतं. पलंग बघून तुमच्या जावयांना शंका आली. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ आडवे झाले. पाय घोट्यापासून बाहेर! मी पर्समधून टेप काढला (हो बाबा, तुमचाच, पिवळा). साडेपाच फूट. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड करून घेतलेला.

हॉलची एक अख्खी भिंत काचेची. तो मुलगा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "इथून सनसेट दिसतो." नागपुरात, पश्चिमेला, काचेची भिंत! मी विचारलं, मे महिन्यात काय करायचं? तर म्हणे प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलेला आहे. मग कूलर कुठे बसवायचा? तो हसला. "मॅडम, कूलर कोण लावतं आता?" इमारतीचं बाहेरचं रूप बिघडतं म्हणून खिडकीबाहेर काहीही लावायला मनाई. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. गच्चीला कुलूप. आईच्या कुरडया आणि मुगवड्या कुठे वाळवायच्या हे मी विचारलंच नाही, उत्तर ऐकवलं नसतं.

एवढं दिसूनही आम्ही दोन लाख भरून आलो. डोकं कुठे होतं म्हणाल तर शेजारच्या टेबलावर होतं. तिथलं जोडपंही भरत होतं, तीस-बत्तिशीचं, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

मग दुसऱ्या रविवारी जिन्याखालून कूलर ओढून काढला. तळाशी गेल्या वर्षीचे पांढरे क्षार बसलेले, उलथन्याने खरवडले. जुनं गवत हातात घेतलं तर भुगा झाला. दोन ताट्या गवताच्या भरल्या आणि मागची, बाबांच्या हट्टाप्रमाणे, वाळ्याची. पंप मात्र चालेना. जावई नवा आणायला निघाले, मी थांबवलं. बाबा करतात तसं झाकण उघडलं, आतल्या भिंगरीत गवताची एक काडी गुंडाळलेली होती, ती काढली, पंप बादलीत सोडला. थोडा गुरगुरला आणि पाणी फेकायला लागला. वरच्या नळीची बुजलेली छिद्रं आईच्या गोधडीच्या सुईने मोकळी केली. (सुई धुऊन, पुसून जागेवर ठेवली आहे.) चिमी शेजारी उभी राहून तुमचा मंत्र म्हणत होती, "स्विच बंद, पिन बाहेर, मग पाणी." दर उन्हाळ्यात कोणाला ना कोणाला कूलरचा शॉक लागल्याची बातमी येते, तेव्हा हा मंत्र तिला झोपेतही आला पाहिजे.

पारा चाळिशी ओलांडून गेलेला. वाळा पहिल्यांदा भिजतो तेव्हाचा वास तुम्हाला माहीत आहे, मी त्यावर काही लिहीत नाही.

रात्री तिघंही हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. एसीला घर बंद लागतं, कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओली हवा आत कोंडते. त्यामुळे शेजारच्या काकांचा रेडिओ आत, समोरच्या वाड्यातलं भांडण आत, रातराणीही आत. आणि त्या अंधारात, पंख्याच्या घरघरीत, चिमीने शाळेतली एक गोष्ट सांगितली जी ती तीन आठवडे पोटात धरून होती. काय ते ती तुम्हाला स्वतः सांगेल, माझ्याकडून वचन घेतलं आहे. ती झोपल्यावर जावई म्हणाले, "रद्द करायचा का?" मी म्हटलं, "हो." एवढीच चर्चा झाली.

उगाच गोड चित्र नको. मृगाचा पाऊस पडला की हाच कूलर चिकचिक करायला लागेल आणि मी त्याला शिव्या घालीन. आठवड्याला टब रिकामा करून घासावा लागतो, नाहीतर डासांच्या अळ्या. फ्लॅटमधली लिफ्टही मला आवडली होती.

बाबा, आता तुमच्यासाठी आकडे, कारण वाळ्याच्या वासावर तुम्ही मानणार नाही. फ्लॅट 1 कोटी 10 लाखांचा. त्यावर 5 टक्के जीएसटी आणि मुद्रांक शुल्क वेगळं (बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत, हे तुम्ही मला चारदा सांगितलंत). प्लॉटचे 30 लाख घातले तरी 80 लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता येतो 69 हजार 400 च्या आसपास. गुणिले 240. एकूण 1 कोटी 66 लाख. म्हणजे 80 घ्यायचे आणि वर 86 लाख नुसतं व्याज, मी 62 वर्षांची होईपर्यंत. देखभालीचे महिन्याला सहा-सात हजार ते निराळेच, कर्ज फिटलं तरी ते फिटत नाहीत. विजेचं तर विचारूच नका. आपला कूलर पंपासकट अडीचशे वॅटच्या आत, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या घरात, आणि महावितरणचा दर युनिटं वाढतील तसा वरच्या टप्प्यात चढतो. वहीत मागच्या पानावर मांडून ठेवलं आहे, आल्यावर तपासा.

आई, तुझ्याशी मात्र वेगळं बोलायचं आहे.

बाबा रेल्वेच्या पासवर आपल्याला सेवाग्रामला न्यायचे, आठवतं? बापूकुटीपुढे आम्ही साप धरायचा तो चिमटा आणि पिंजरा बघायला पळायचो आणि बाबा साधेपणावर बोलत राहायचे. एकदा आदि निवासाच्या ओसरीवर ते सांगत होते, 1936 साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा सुरुवातीला सगळे याच एका घरात राहत, आलागेला पाहुणासुद्धा. तू पदराने वारा घेत म्हणालीस, "बाप्पा! कस्तुरबांना विचारलं होतं का कोणी?" बाबा हसले, आम्हीही हसलो. तो प्रश्न होता हे माझ्या लक्षात यायला तीस वर्षं गेली.

आपल्या घरातल्या काटकसरीचं श्रेय सगळे बाबांच्या वहीला देतात. लोको शेडच्या पगारात दोन मुलं शिकवली, घर बांधलं, एक रुपया उधार नाही. खरं आहे. पण वहीत न आलेल्या नोंदीही आहेत. मिक्सर आला तेव्हा मी सहावीत होते, तोवर पाटा-वरवंटा. नळ पावणेपाचला यायचा म्हणून तुझी झोप पावणेपाचला संपायची, आमची नाही. ओटा बांधला तो मिस्त्रीच्या उंचीचा. त्याच्यावर तू इतकी वर्षं टाचा उचलून पोळ्या लाटल्यास आणि आता गुडघे दुखतात तर म्हणतेस वय झालं. पैसे वाचले ते तुझ्या अंगावर वाचले. असं साधं राहणं मला चिमीला शिकवायचं नाही.

म्हणून तुम्ही यायच्या आत काही कामं काढली आहेत, रागवू नका. ओटा तीन इंच खाली घेतोय, मिस्त्री सोमवारी येतो. खालच्या संडासात कमोड आणि भिंतीला धरायला दांडा. धुण्याचं मशीन आलं आहे. बाबांना विचारलं नाही, कारण ते म्हणाले असते "बघू". गच्चीच्या गळतीचं काम मे संपायच्या आत. 2023 च्या सप्टेंबरातल्या त्या रात्री अंबाझरीकडे लोकांची घरं पाण्यात गेली आणि आपण इथे छताखाली दोन गंज ठेवायला लागले म्हणून कुरकुरत होतो, पण गळतं ते गळतंच. शिवाय गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवायला अर्ज केला आहे, त्याला 78 हजारांचं अनुदान मिळतं. नागपूरच्या उन्हाकडून आपण आजवर फक्त कुरडया वाळवून घेतल्या. नकाशावर मी लाल पेनाने लिहून दिलं आहे, "हा कोपरा वाळवणाचा, इथे पॅनल नको."

सगळं मिळून फ्लॅटच्या आठ-दहा हप्त्यांत बसतं. त्यातले निम्मे साठवलेले आहेत.

राहिलं खरं कारण. तुम्ही दोघंही ते बोलला नाहीत, मावशीकडून कळलं. लग्नात कोणीतरी विचारलं म्हणे, "जावई अजून तुमच्या वरच्या मजल्यावरच का?" आणि बाबांनी घरी येऊन प्लॉटची कागदपत्रं काढली. बाबा, एका टोमण्यापायी 30 लाख! तुम्ही, ज्यांनी रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी मेडिकल चौकात अर्धा तास घातला!

मी जावयांना सरळ विचारलं, वाईट वाटतं का. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी वाटायचं. मग मी भाडं द्यायला लागलो." ते दर महिन्याच्या एक तारखेला देतात आणि बाबा वहीत "जावई" या नावाने जमा करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते पैसे पुढे पोस्टात चिमीच्या नावाने जातात हे मात्र आपल्याला एकट्यालाच माहीत आहे असं बाबांना वाटतं. बाबा, पासबुक तुम्ही ज्या डब्यात ठेवता त्यात मी कसुरी मेथी ठेवते. पासबुकाला वास लागला आहे.

आई, तुला लोकांना काय सांगायचं असा प्रश्न पडेल. सांग, पोरीला टॉवरमध्ये कूलर लावू देत नव्हते. नागपुरात तेवढं कारण पुरतं.

तिकीट अजनीपर्यंतचं काढा, मोठ्या स्टेशनावर उतरून उगाच उलटं यायला नको. खालचे दोन्ही बर्थ मिळतात का बघायला दादाला सांगा. लोणच्याच्या कैऱ्या तिकडून आणू नका, सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात येतील तेव्हा घेऊ. माठ नवा आणला आहे, पाणी अजून मातकट लागतं, तुम्ही येईपर्यंत सुधारेल.

आणि बाबा, कूलरचा पंप दोन दिवसांपासून मध्येच थांबतो आणि परत चालू होतो. भिंगरीत गवत नाही, मी उघडून बघितलं. वायर सैल असेल का? उघडू की तुमची वाट बघू, ते आजच फोन करून सांगा.

तुमची,
बेबी