जीव वाचवणारे एईडी यंत्र कपाटात कुलूपबंद कशासाठी?

महोदय,

पंधरा वर्षे आम्ही दोघे पहाटे एकत्र फिरायला जात होतो. गेल्या जानेवारीत, सकाळी सहा-वीसला, आमच्या क्लबच्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत माझा मित्र बोलता बोलता कोसळला. वय ५९.

सात-आठ जण जमलो. कुणी तोंडावर पाणी मारले, फीट आली म्हणून कुणी चप्पल हुंगवायला धावले. तो मधूनच आचका देऊन श्वास घेत होता. ‘श्वास चालू आहे, घाबरू नका,’ असे मीच सगळ्यांना सांगत होतो. तो श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अशी घरघर लागू शकते, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितले. ती मिनिटे माझ्या डोक्यातून जात नाहीत. मग नर्सिंग शिकणारी एक मुलगी धावत आली. जर्किनची चेन अडकली होती, ती तिने दोन्ही हातांनी ओढून तोडली आणि छाती दाबायला लागली. १०८ची गाडी आली तेव्हा सोळा मिनिटे झाली होती. तो गेला.

तिथून पन्नास पावलांवर, क्लबच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, एईडी, म्हणजे अशा वेळी हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, ठेवलेले होते. देणगीत मिळालेले, हार घालून फोटो काढलेले. ऑफिस दहाला उघडते. किल्ली पदाधिकाऱ्यांच्या घरी. असे काही यंत्र आहे हेच वॉचमनला ठाऊक नव्हते. महिन्याभराने कपाट उघडायला लावले, तर पॅडच्या पाकिटावरची मुदत केव्हाच टळून गेली होती. पॅडवरची जेल सुकली की ते छातीला नीट चिकटत नाहीत.

असे अचानक कोसळलेल्या अनेकांचे हृदय आधी नुसतेच थरथरत असते, रक्त पुढे ढकलत नाही. छाती दाबल्याने मेंदूला थोडे रक्त पोचत राहते, पण ती थरथर मोडायला विजेचा झटकाच लागतो. तोवर काहीच केले नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. सोळा मिनिटांचा हिशेब मी मांडून पाहिला आहे.

आणि हे यंत्र चालवायला डॉक्टर लागत नाही. सुरू केले की ते स्वतः बोलते: पॅड उघड्या छातीवर लावा, कुणी हात लावू नका, बटण दाबा. ठोके तपासून गरज नसेल तर ते झटका देतच नाही. अमेरिकेतल्या शिकागोच्या ओहेअरसह तीन विमानतळांवर १९९९ मध्ये झपाझप चालत मिनिट-दीड मिनिटाच्या अंतराने ही यंत्रे बसवली. पहिल्या दोन वर्षांत हृदयाची अशी थरथर झालेले १८ जण तिथे कोसळले, त्यातले ११ वाचले. त्या अकरांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांनी हे यंत्र चालवण्याचे शिक्षण कधीच घेतले नव्हते.

यंत्र बाहेर भिंतीवर लावा, असा अर्ज मी क्लबला दिला. ‘चोरीला गेले तर?’ असे विचारले गेले. उघडताच भोंगा वाजणाऱ्या पेट्या मिळतात. आग विझवायचे लाल सिलिंडर आपण जिन्यात उघडेच टांगतो, त्याला कुणी कुलूप लावत नाही. मग यालाच का? शहरातले जिम, मंगल कार्यालये, सोसायट्या, जिथे जिथे असे यंत्र आहे, तिथल्या कारभाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: ते दिवसरात्र हाताशी येईल असे ठेवा, जागेची पाटी लावा, पॅड आणि बॅटरीची तारीख दर महिन्याला बघा, वॉचमनला आणि सफाईच्या बायकांना एकदा हाताळून दाखवा.

आमच्या क्लबचा निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. तोवर नवे पॅड मागवा आणि कपाटाची एक किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनकडे द्या. एवढे आजच करता येईल.

– एक निवृत्त टपाल कर्मचारी, नाशिक रोड