गाइडसोबतच्या स्की टूरिंगसाठी (स्की घालून हिमाच्छादित डोंगर चढणे-उतरणे) सूचना

सभासदहो, निघताना प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर (हिमाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायचे रेडिओ यंत्र) गाइड तपासतील, सिग्नल पाठवणे आणि शोधणे दोन्ही. बॅटरी नवी अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल बॅटरीची टक्केवारी फसवी दिसते आणि ती अचानक बसते. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून २० सेंमी, शोध घेताना ५० सेंमी दूर हवा. प्रोब (हिमात खुपसून गाडलेल्याला शोधायची काठी) किमान २४० सेंमीचा, फावड्याचे पाते धातूचे. यातले काही नसेल तर येता येणार नाही, ही अट खरोखर जिवाची आहे.

स्किन्स (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) आदल्या रात्री वाळवा. चिकट बाजूला हिम लागले की त्या चढावर सुटतात. थांब्यावर जॅकेटच्या आत ठेवा.

३० अंशांहून तीव्र उतारावर एकेकानेच उतरायचे. मार्ग सकाळचा हिमस्खलनाचा इशारा वाचूनच ठरेल.