आबिंग यांचं पीपावादन वाचवणाऱ्या दोघांना

आदरणीय त्साओ आनह बाई आणि यांग यिनल्यू सर,
सादर नमस्कार.

१९५० साली पोलादी तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन आपण चीनमधल्या वूशी शहरात ह्वा यानच्युन यांच्याकडे, म्हणजे सर्वजण ज्यांना अंध वादक आबिंग म्हणून ओळखत त्यांच्याकडे गेलात. त्यांचं वादन बराच काळ थांबलेलं होतं, धड वाद्यही उरलं नव्हतं. आपण त्यांना सरावाला वेळ दिलात. बाई, आपण तर स्वतःची पीपा, म्हणजे बोटांनी छेडायचं चार तारांचं वाद्य, त्यांच्या हाती दिलीत. त्याच डिसेंबरात ते गेले. मागे सहा रचना राहिल्या, तीन अर्हूच्या (गजाने वाजवायच्या दोन तारांच्या वाद्याच्या) आणि तीन पीपाच्या. अर्हूवरची 'अरच्वान यिंगयुए' जगभर पोचली. आम्ही पीपावाले 'दालांग थाओशा', 'जाओच्युन छूसाय' आणि 'लोंगच्वान' यांसाठी आपले ऋणी आहोत.

जुन्या कुंगछ या चिनी स्वरलिपीत स्वर आणि ठोके मिळतात. बोटकामातले बारकावे, किती मींड, हे बरंचसं गुरूच्या हातावरून घ्यावं लागे. बाई, आपण पीपा आणि अर्हूचे गुरू ल्यू थ्येनह्वा यांच्या शिष्या, त्यामुळे आवाजामागचं बोट ओळखणारा कान आपल्याकडे होता. १९५२ साली स्वरलेखन छापून आलं आणि ते ताडून पाहायला ध्वनिमुद्रणही हाताशी राहिलं.

'लोंगच्वान'मध्ये नौकाशर्यतीचे ढोल-झांजांचे तुकडे आणि लोकधुना आळीपाळीने येतात. ढोलासाठी डाव्या हाताने एक तार शेजारच्या तारेवर ओढून दोन्ही पडद्यावर घट्ट दाबायच्या. पकड जरा सैल पडली की थाप उमटत नाही, नुसता स्वर झणझणतो. लुन, म्हणजे पाच बोटांचे सलग आघात, त्याहून अवघड. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी एकामागून एक बाहेर फेकायची आणि पाचवा आघात अंगठ्याचा. अनामिका आणि करंगळी दुबळी असतात, मग लुन लंगडतो. वेग वाढवून हा दोष झाकता येत नाही. मेट्रोनोम ६० वर ठेवून ठोक्याला एकच आघात घ्यावा, मनगट सैल ठेवावं आणि पाचही आघात सारखे ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नये. रेशमी तारेचा नाद लवकर विझतो, आजच्या पोलादी तारेचा रेंगाळतो. म्हणून धुनेकडून ढोलाकडे वळताना तारा तळव्याने थांबवाव्या लागतात, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होते.

आणखी ध्वनिमुद्रण करायचं आपल्या मनात होतं, ते राहून गेलं. नव्या विद्यार्थ्याला आम्ही छापील पानाआधी ते १९५० सालचं ध्वनिमुद्रणच ऐकवतो.

आपले ऋणी,
पीपा शिकणारे आणि शिकवणारे