अनुवादाचे बिल आणि जीएसटी

महोदय,

अनुवादाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लावायचा की नाही, हे ग्राहक नव्हे तर वर्षाची उलाढाल ठरवते. महाराष्ट्रात २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण परदेशी कामाचे पैसेही त्यात धरतात, आणि गफलत नेमकी इथेच होते. नोंदणीशिवाय कर वसूल करणे बेकायदा.

नोंदणी असल्यास सेवा संकेतांक ९९८३९५ टाकून कराची ओळ वेगळी लिहावी. ४०,००० शब्द, दर २ रुपये: ८०,०००, कर १४,४००. मग ग्राहक १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापत असेल, तर तो ८०,००० वरच, म्हणजे ८,०००. ‘करासह ९४,४००’ असे एकरकमी लिहिले, की लेखापाल ९,४४० कापून मोकळा! परदेशी ग्राहकाला कर न लावता बिल द्यायचे, तर एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) दर आर्थिक वर्षी नव्याने भरावे लागते.

– एक अनुवादक, पुणे