रिओहून पत्र – झिकोचं गाव बघून आले, बाबूसाठी

प्रिय आई, पपा, आजी आणि बाबू,

सगळ्यांना नमस्कार, आजीला वाकून. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, काळजी करू नका. मागच्या महिन्यात चार दिवस कामासाठी जहाजावर होते तेव्हा नेटवर्क नव्हतं, म्हणून फोन लागला नाही, बाकी काही नाही.

आता मुद्द्याचं. आईने सांगितलं की जिल्ह्याच्या टीममध्ये बाबूचं नाव आलं नाही आणि ट्रायलला कोणीतरी सगळ्यांदेखत "आधी चार घास खा, मग ये" असं म्हटलं. तेव्हापासून ग्राउंडवर जाणं बंद आहे म्हणे. फोनवर हा विषय काढला की माझा आवाज चढतो आणि बाबू फोन आजीकडे देतो, म्हणून लिहून पाठवतेय. पपा, त्याला जेवण झाल्यावर द्या वाचायला, उपाशीपोटी नको. बाबू, लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाच हं.

तू दिवसभर त्या एस्तेव्हाओचे रील्स बघत असतोस ना, पाल्मेरासमधून चेल्सीला गेला तो. भारीच आहे पोरगा. पण रील्समध्ये फक्त गोल दिसतात, गोलच्या आधीची वर्षं दिसत नाहीत. म्हणून मी तुला दुसऱ्याबद्दल सांगणारे, ज्याला आपण सगळ्यांनी प्रत्यक्ष बघितलंय. झिको. 2015 ची आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल आठवते का, फातोर्ड्याला? तू पाच वर्षांचा होतास, पपांच्या खांद्यावर. 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे गेलं आणि मग शेवटच्या दोन-तीन मिनिटांत एक आपल्याच गोलकीपरचा सेल्फ गोल आणि एक चेन्नईचा गोल होऊन चेन्नईने 3-2 ने नेली मॅच, तू परतीच्या गाडीत सावंतवाडी येईपर्यंत रडत होतास. तेव्हा एफसी गोवाच्या बाकावर जो पांढऱ्या केसांचा कोच होता तोच झिको. आपल्यासाठी तो कोच, पण इथे रिओत त्याच्याबद्दल माणसं कशी बोलतात ते ऐकायला हवंस तू. माझे घरमालक आजोबा पक्के फ्लामेंगोवाले, म्हणजे झिकोच्या रिओतल्या क्लबचे चाहते, सत्तरी पार केलेले, मी गोव्याच्या शेजारची आहे आणि आमच्याकडे झिको तीन सीझन कोच होता असं सांगितलं तर त्यांनी त्या महिन्याचं भाडं घेताना मला खुर्चीत बसवून दोन तास त्याचं पोरवय सांगितलं. त्यातलं जे आधी वाचलेलं होतं आणि जुळलं तेवढंच लिहिते.

परवाच्या रविवारी मी किंतिनोला, झिकोच्या वस्तीत, जाऊन आले. सेंट्रल स्टेशनवरून देओदोरोची लोकल पकडायची, माराकाना स्टेडियम मागे पडतं, मग एन्जेन्यो दे देंत्रो, पिएदादे आणि मग किंतिनो. समुद्र, डोंगरावरचा येशू, पोस्टकार्डातलं रिओ हे सगळं दुसऱ्या टोकाला राहतं, इकडे नुसती साधी वस्ती, बैठी घरं, विजेच्या वायरींचे गुंतवळे, डब्यात पाणी आणि शेंगदाणे विकणारी पोरं. इथे सेंट जॉर्जचं मोठं चर्च आहे आणि 23 एप्रिलला पहाटे पाचला फटाके वाजवून असा काही उत्सव होतो की आपल्या आंगणेवाडीच्या जत्रेची आठवण यावी, आजीला सांगा. ह्याच किंतिनोत 3 मार्च 1953 ला झिको जन्मला, सहा भावंडांत शेंडेफळ. वडील पोर्तुगालहून आलेले, शिंपीकाम करायचे, आणि घरात फुटबॉल म्हणजे रोजचा भातच, मोठा भाऊ अंतुनेस खेळायचा, एदू तर रिओतल्याच अमेरिका नावाच्या क्लबचा स्टार होता, नांदोही खेळायचा. पोरगा मात्र वडलांसारखाच फ्लामेंगोवेडा, त्यातही दिदा नावाच्या खेळाडूचा भक्त.

भावांमुळे त्याला अमेरिका क्लबमध्येच घालायचं जवळजवळ ठरलेलं. पण 1967 मध्ये सेल्सो गार्सिया नावाच्या रेडिओ रिपोर्टरने त्याला छोट्या मैदानावरच्या, म्हणजे फुटसालच्या मॅचमध्ये गोलवर गोल करताना बघितलं आणि वडलांना गळ घातली की याला फ्लामेंगोला घेऊन जातो. वडील फ्लामेंगोवाले, नाही कशाला म्हणतील. तर गेला हा गाव्हियाला, फ्लामेंगोच्या ग्राउंडवर. चौदा वर्षांचा. आणि इतका बारीक की तिथल्या पोरांच्या कोचने, मोदेस्तो ब्रिया त्याचं नाव, याच्याकडे बघून हा काय खेळणार असंच तोंड केलं. बाबू, हे वाचून मी थांबले होते थोडा वेळ. तुझ्या ट्रायलला जे झालं तेच की हे. फरक एवढाच की ब्रियाने त्याला आधी खेळवलं आणि मग ठरवलं. पायात बॉल आल्यावर प्रश्नच उरला नाही.

पण घेतलं म्हणजे झालं असं नाही. किंतिनोवरून गाव्हिया म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, आधी लोकल मग बस, सकाळी ट्रेनिंग, नंतर शाळा, घरी यायला रात्र. जेवणाची आबाळ, आणि आधीच अंगात काही नाही. तेव्हा जॉर्ज हेलाल म्हणून क्लबमधले एक पदाधिकारी होते त्यांनी त्याच्या जेवणाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च उचलला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, गोलपेक्षा पण. कोणीतरी मोठ्या माणसाने असा विचार केला की या पोराकडे खेळ आहे, शरीर नाही, तर शरीर आपण देऊ. मग क्लबचे फिजिकल ट्रेनर जोझे रोबेर्तो फ्रांकालासी यांनी त्याला हाताशी धरलं. डॉक्टरांची तपासणी, ठरवून दिलेला आहार, वजनं उचलायचे व्यायाम, तेही एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं. त्या काळात ब्राझीलमध्ये लोकांना वाटायचं की फुटबॉल हा जन्मजात असतो, जिममध्ये काय त्याचं काम, त्यामुळे पुढे काही जण याला लॅबोरेटरीत बनवलेला खेळाडू म्हणून टोमणे मारायचे. मारू देत. मोठा झाल्यावर पण उंची 1.72 मीटरच, म्हणजे पपांएवढीच की रे, पण पाय असे झाले की धक्का मारणारा स्वतःच पडायचा.

29 जुलै 1971 ला, अठराव्या वर्षी, फ्लेइतास सोलिच या कोचने त्याला पहिल्यांदा मोठ्या टीममधून उतरवलं, रिओतल्याच वास्को क्लबविरुद्ध, माराकानात. 2-1 ने जिंकले आणि विजयी गोलचा पास याचा. काही दिवसांत पहिला गोल पण झाला, बाहियाविरुद्ध. तुला वाटेल झालं, लागली गाडी रुळावर. नाही लागली.

आता नीट वाच. 1972 ला म्युनिकचं ऑलिंपिक होतं आणि तेव्हा तिथे फक्त हौशी खेळाडू चालायचे, म्हणून याने प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट केलंच नाही, पैसे सोडले, ऑलिंपिकसाठी. 1971 च्या शेवटी कोलंबियात पात्रता फेरी झाली, तिथे अर्जेंटिनाविरुद्धच्या 1-0 मधला तो एक गोल याचा. ब्राझील पात्र ठरलं. आणि मग म्युनिकला जाणाऱ्यांची यादी लागली तर त्यात याचं नाव नाही! कोच अंतोनिन्यो. ज्याच्या गोलने टीम तिथे पोचली तोच घरी. (टीमचं तिकडे काय झालं ते पण सांगते, डेन्मार्कशी हरले, हंगेरीशी बरोबरी, इराणशी हरले, ग्रुपमधूनच परत.)

हे नुसतं फुटबॉलचं नव्हतं असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं. तेव्हा ब्राझीलमध्ये लष्कराची राजवट होती. भाऊ नांदो शिक्षक, प्रौढ लोकांना लिहायला-वाचायला शिकवायच्या सरकारी योजनेत निवडला गेलेला, 1964 ला लष्कर आलं तेव्हा ती योजनाच बंद केली आणि त्यातली माणसं संशयाच्या यादीत गेली. 1970 मध्ये नांदोला पकडून पण नेलं होतं. त्याच वर्षी एदू वर्ल्डकपच्या टीममधून राहिला, आणि दोन वर्षांनी झिको ऑलिंपिकमधून. एका घरातली तीन पोरं. पपा, तुम्हाला आणीबाणीतलं आठवत असेल, तुम्हाला यातलं जास्त कळेल. मी त्या घराच्या रस्त्यावर, रुआ लुसिंडा बार्बोझावर उभी होते तेव्हा हेच डोक्यात घोळत होतं की त्या आईने काय काय सोसलं असेल, एक पोरगा पकडून नेलेला, आणि धाकटा म्हणतोय मला आता खेळायचंच नाही.

हो, झिकोने तेव्हा फुटबॉल सोडायचं ठरवलं होतं. एकोणीस वर्षांचा होता. बंद म्हणजे बंद. आणि त्याला कोच किंवा क्लबने नाही वळवलं, भावांनी वळवलं. एदू, जो स्वतः दोन वर्षांपूर्वी याच दुःखातून गेलेला. त्याने काय शब्द वापरले मला माहीत नाहीत, माझ्याकडे पण तसे शब्द नाहीत बाबू, पण मी तुझी ताई आहे आणि मी सांगतेय की हे मी ऐकून घेणार नाही. एका ट्रायलवर असं सोडायचं नाही.

पुढची दोन वर्षं पण धड नव्हती. फ्लामेंगोला झगालो कोच म्हणून आला आणि हा कधी आत कधी बाहेर. या काळातली एक गोष्ट मला फार आवडते, ट्रेनिंग संपल्यावर सगळे आंघोळीला जायचे आणि हा मागे राहून गोलपोस्टच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट अडकवायचा आणि फ्री किक मारत बसायचा, शर्ट खाली पडेपर्यंत. रोज. भिंतीवरून उचलून कोपऱ्यात वळवून घालायची त्याची जी किक पुढे जगाने बघितली ती अशी तयार झाली. तुझ्या ग्राउंडला पण गोलपोस्ट आहे आणि शर्ट तुझ्याकडे ढीगभर आहेत.

1974 ला झुबेर, जो याचा पोरांच्या टीममधला कोच, तो मोठ्या टीमचा कोच झाला आणि त्याने याला 10 नंबर दिला. मग काय विचारता. फॉरवर्डच्या जरा मागून खेळायचं, बॉल यायच्या आधी मान वळवून कोण कुठे आहे बघून ठेवायचं, आणि मग एका टचमध्ये पास नाहीतर स्वतः आत शिरायचं. त्या वर्षी रिओची चॅम्पियनशिप फ्लामेंगोकडे, याचे सीझनमध्ये 49 गोल, आणि ज्या दिदाला बघत हा मोठा झाला त्याचा क्लबमधला रेकॉर्ड मोडला. प्लाकार मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पण यालाच. घरमालक आजोबांनी ती 1974 ची टीम बोटांवर मोजून म्हणून दाखवली मला, डोळे मिटून.

आणि नॅशनल टीम, जिने दार लावून घेतलं होतं, तिच्याकडून याची पहिली मॅच फेब्रुवारी 1976 मध्ये, उरुग्वेविरुद्ध, तेही मोंटेव्हिडिओत त्यांच्याच घरात. 2-1 ने जिंकले, त्यात याचा फ्री किकवर गोल. यादीतून नाव गळाल्यापासून साडेतीन वर्षांनी. पुढचं सगळं, लिबेर्तादोरेस म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कप, टोकियोत लिव्हरपूलला 3-0, 82 चा वर्ल्डकप, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, ते मी लिहीत नाही.

परत येताना गाव्हियाला पण उतरले, तिथे क्लबच्या आवारात त्याचा पुतळा आहे. दहा-बारा वर्षांची पोरं बॅगा टाकून त्याच्या बाजूला बूट बांधत होती. त्यात एक जण तर तुझ्यापेक्षाही बारीक होता, शपथ, आणि तोच सगळ्यांना ओरडून पुढे चला म्हणत होता.

पपा, आता तुम्हाला. मला वाटतं याला कुडाळच्या डॉक्टरांकडे एकदा नीट दाखवावं, रक्त तपासावं, हिमोग्लोबिन वगैरे, आणि वयाच्या मानाने वाढ किती बाकी आहे ते विचारावं. पंधराव्या वर्षी सगळी पोरं सारखी वाढत नाहीत, पुढच्या दोन वर्षांत बघा कसा ताडमाड होतो ते. खर्चाचं मी बघते, पैसे सोमवारपर्यंत खात्यात येतील. आई, सकाळी त्याला चहा-बिस्किटावर पाठवू नकोस गं, उकड्या तांदळाची पेज, दोन अंडी आणि दुपारी मासे असतातच, कुळथाची पिठी पण चालेल. आणि बाबू, जिममधल्या कुणाचं ऐकून पावडरचे डबे आणायचे नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच.

तुझ्या शाळेच्या सरांशी मी बोलू का? की पपा बोलतील? क्लबसाठी मडगावला ट्रायल असतात, त्याची पण चौकशी करून ठेवा, आठवड्यातून दोनदा ट्रेनने जाणं जमेल का तेही बघा, दहावीचं वर्ष आहे हे मला माहितीय, पण झिकोने शाळा सोडली नव्हती आणि तू पण सोडणार नाहीयेस, दोन्ही होईल.

आजी, गुडघ्याचं औषध संपलं असेल तर सांग, आईला सांगायला लाजू नको. इथे थंडी सुरू झालीय, म्हणजे आपल्याकडच्या जानेवारीएवढीच, तू विणलेला स्वेटर रोज घालते.

रविवारी तुमच्या रात्री आठला व्हिडिओ कॉल करते, बाबूने उचलायचा, दुसऱ्या कोणी नाही.

सगळ्यांना खूप प्रेम,
ताई