आबा, इथे पण होड्या बांधतात

ती. आबा, आई आणि बाबा, सा. न.

फोनवर सगळं सांगता येत नाही, मधेच नेट जातं आणि आई फक्त "जेवलास का" एवढंच विचारते, म्हणून लिहितोय, आबांना वाचून दाखवा. शुक्र-शनिवारी सुट्टी असते इथे ओमानमध्ये, तर आम्ही चौघं गाडी काढून मस्कतहून सूरला जाऊन आलो, साधारण दोनशे किलोमीटर, एका बाजूला उघडे बोडके डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, झाड म्हणून नाही. आपल्या हर्णैच्या माणसाला हे बघून आधी कसंतरीच होतं.

निघायच्या आधी सकाळी मत्राहला मासळी बाजारात गेलो होतो. सुरमईला इथे कनाद म्हणतात, भाव विचारला तर म्हातारा बोटांवर बैसा मोजायला लागला. बैसा म्हणजे आपला पैसाच, फक्त हजार बैशांचा एक रियाल! बाबा, बंदरावर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि ओमानी लोकांनी त्यांना 1650 लाच मस्कतमधून हाकललं, आपण वसई घेतली 1739 ला, म्हणजे या बाबतीत हे आपल्या पुढे निघाले.

वाटेत बिम्माचा खड्डा लागला. गावचे लोक म्हणतात आकाशातून तारा पडला, खरं म्हणजे खालचा चुनखडीचा दगड पाण्याने विरघळून वरचं छत खचलंय. पायऱ्या उतरून निळंहिरवं पाणी, पाय सोडून बसलं की बारके मासे कातडी टोचतात, मी तर दोन मिनिटांत पाय वर घेतले, बाकीचे हसत होते.

पण आबा, खरी गोष्ट सूरची. तिथे अजून लाकडी गलबतं बांधतात. एक मोठं जुनं गलबत, फतह अल खैर नावाचं, 1951 चं, किनाऱ्यावर ठेवलंय. ते येमेनला विकलं गेलं होतं, नंतर गावातल्या लोकांनी वर्गणी काढून परत आणलं! कारखान्यात शिरलो आणि सागाच्या भुशाचा वास आला ना, डोळ्यांसमोर आपली पडवीच आली. पूर्वी हा साग मलबारहून यायचा. एक केरळचा सुतार वाकस घेऊन फळी तासत होता, आमच्यातला मल्याळी पोरगा त्याच्याशी बोलायला लागला म्हणून सगळं कळलं. कागदावर नकाशा वगैरे काही नाही, डोळ्याने आणि दोरीने माप. फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून भरतात, मी पण दोन ठोके घातले, एक बोटावर बसला.

रात्री रास अल जिन्झला कासवं बघायची होती, पण बुकिंग उशिरा केलं (चूक माझीच) त्यामुळे रात्रीची फेरी हुकली आणि पहाटे चारला उठून गेलो. बरंच झालं म्हणा, उजाडताना नीट दिसलं. एक मादी अंडी घालून समुद्राकडे परत चालली होती, वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा पट्टा, चार पावलं सरकायची आणि थांबून मोठ्ठा उसासा टाकायची. आई, वेळासला आपण पिल्लं बघितली होती ना, ती ऑलिव्ह रिडले, ही हिरवी कासवं, पाठच जवळजवळ मीटरभर लांब. सगळे गप्प उभे होते, कोणाचा फोनसुद्धा वाजला नाही.

येताना टायर पंक्चर झाला आणि जॅक सापडेना, एका ओमानी काकांनी गाडी थांबवून स्वतः टायर बदलून दिला, वर खजूर आणि कॉफी पाजली.

आबा, एक विचारायचं राहिलं. त्या सुताराने सांगितलं की ते आधी बाहेरच्या फळ्या चढवतात आणि मग आतली वाकडी लाकडं बसवतात, फासळ्यांसारखी, तुम्ही त्याला काय म्हणायचात ते विसरलो. तुम्ही पण तसंच करायचात की उलटं? बाबांना व्हॉइस नोट करायला सांगा, पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, त्याला सांगेन.

तुमचा,
बाळू