तेविसावी की चोविसावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात परवा शाळांच्या क्रॉस कंट्री, म्हणजे रानामाळातून धावायच्या, स्पर्धेची बातमी आली. पहिल्या तिघींची नावं, गळ्यात हार, मागं पाहुणे मंडळी. बातमी बरोबरच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण त्या दिवशी धावलेल्या पोरींत एक आमची होती, आणि तिचा कितवा नंबर आला हे तिला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मुलगी आठवीत आहे. मी रोज पहाटे डेअरीला दूध घालायला जातो. गाडीला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवल्या की ती पुढं पळत सुटते. चढाला मला गाठू देत नाही. दूध हिंदकळू नये म्हणून मी गाडी सावकाशच चालवतो, पण हे तिला अजून सांगितलेलं नाही. एवढाच तिचा सराव. शाळेत पी.टी.चे सर आहेत, चांगले आहेत, पण त्यांच्याकडं गणिताचेही तास आहेत.

मागच्या वर्षी ती पहिल्यांदा उतरली. ती स्पर्धा डांबरी रस्त्यावर होती, सरळ जायचं आणि सरळ माघारी यायचं. रस्त्यावरच पळवायचं तर तिला क्रॉस कंट्री कशाला म्हणायचं, हे तेव्हाही मनात आलं होतं. शिट्टी झाल्याबरोबर ती जीव खाऊन सुटली, पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढं, आणि तिथं बरगडीखाली चमक भरली. उरलेलं अंतर निम्मं चालतच आली. घरी येताना म्हणाली, "पप्पा, त्या सगळ्या हळू का पळत होत्या ते आता कळलं."

यंदा मात्र खरोखरच शिवारातून धाव होती, त्याबद्दल आयोजकांचं कौतुक केलं पाहिजे. माळ, मग नांगरट, मग ओढा, ओढ्यापलीकडं चढण आणि पुन्हा माळ. अंतर तीन किलोमीटर. पोरांना सकाळी सातला बोलावलं होतं, धाव सुटली पावणेअकराला, कारण पाहुणे यायचे होते. ऑक्टोबरातलं पावणेअकराचं ऊन माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. ऑलिंपिकमध्येही एकेकाळी क्रॉस कंट्री होती. १९२४ साली पॅरिसला ती भर उन्हात झाली, ३८ जण सुटले आणि १५ जणच पोचले. त्यानंतर ऑलिंपिकमधून ती गेली ती गेलीच. आमच्या पोरी तेवढ्या उन्हात पळाल्या नाहीत हे खरं, पण त्या तेरा-चौदा वर्षांच्या आहेत आणि सकाळी सहाला चहा-बटर खाऊन निघाल्या होत्या.

मी ओढ्याजवळ उभा होतो. तिथं सगळी खरी गंमत असते. पुढच्या पाच-सहा जणी उडी मारून गेल्या, त्यामागून घोळका आला. आमचीचा डावा बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा बाहेर आला. क्षणभर ती थांबली, बुटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तशीच चढणीला लागली. पुढच्या माळावर सराटे पसरलेले. चढणीवर तिनं तिघींना मागं टाकलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मग मी तो बूट उपसून घेतला आणि आडवाटेनं शेवटाकडं पळालो. (माझाही दम तपासून झाला.)

ती पोचली तेव्हा तिथं काही उरलंच नव्हतं. पहिल्या सहा जणी पुढच्या फेरीला जातात, त्यांचे चेस्ट नंबर वहीत उतरवले आणि वही मिटली. दोरी गुंडाळायलाही सुरुवात झाली होती. वही काखेत धरलेल्या सरांना हिनं धापा टाकत विचारलं, "सर, माझा कितवा नंबर?" सर म्हणाले, "झालं बाळ, पाणी पी जा." प्रेमानंच म्हणाले. पण तिनं पाणी प्यायलं नाही.

परतीच्या टेम्पोत मी तिच्या तळव्यातला सराट्याचा काटा काढत होतो आणि ती बोटं मोजत होती. ओढ्यापर्यंत पुढं कोण कोण, चढणीवर कोण मागं पडलं, शेवटच्या बांधावर कुणी गाठलं. दुसऱ्या शाळेच्या दोघी त्याच टेम्पोत होत्या, त्यांनाही मोजायला घेतलं. तेविसापर्यंत हिशोब जमला. तेवढ्यात त्यातली एक म्हणाली, बोरीजवळ मी तुझ्या पुढं होते. ही म्हणाली, नव्हतीस. गाव येईपर्यंत तो निकाल लागला नाही. घरी तिनं वहीच्या मागच्या पानावर २३/२४ असं लिहून ठेवलंय.

आता कुणी म्हणेल, तेवीस काय आणि चोवीस काय. पण या खेळात प्रत्येक क्रमांकाला किंमत असते. संघाचा निकालच मुळी क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. जागतिक स्पर्धेत संघातल्या पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी तो देश जिंकतो. तिथं तेविसाव्याचा चोविसावा झाला तर सुवर्णाचं रौप्य होऊ शकतं. आणि आपल्याच भागाचं बघा. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत दहाव्या आल्या. तो दहावा नंबर माण तालुक्यात लहान पोरालाही पाठ आहे. आष्टीच्या मांडव्याचा अविनाश साबळे, जो सैन्यात गेल्यावर आधी क्रॉस कंट्रीच धावत होता, पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली त्याच शर्यतीत अकरावा आला. सहाव्या नंबरानंतर तिथंही वही मिटली असती तर?

उपाय फार मोठा नाही. शेवटच्या रेषेपुढं दोन दोऱ्या ताणून एकच माणूस जाईल एवढी वाट करायची आणि येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात आकडा घातलेली चिठ्ठी द्यायची, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. संध्याकाळपर्यंत ती यादी शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. शेवटची पोर येईपर्यंत एक माणूस उन्हात उभा राहील, एवढाच काय तो खर्च. जमल्यास पाहुण्यांनाच तिथं उभं करावं, त्यांनाही स्पर्धा बघितल्यासारखं होईल.

आणि आपल्यालाही एक विनंती. बातमीत तीन नावं येतात तशी किती जणी धावल्या आणि किती जणी पोचल्या, एवढी एक ओळ घालता आली तर बघा.

चिठ्ठ्यांचा प्रश्न असेल तर जुन्या वह्यांचे पुठ्ठे आमच्या घरी पडून आहेत. पुढच्या स्पर्धेला शंभर तुकडे कापून, त्यावर आकडे घालून मी स्वतः आणून देईन. मुलगी म्हणते, आकडे मीच घालणार.

आपला,
एक पालक, माणदेश